टोपावरची दुसरी ओळ

पेणच्या बाजारात काळुरामशेठच्या भांड्यांच्या दुकानाला तीन पायऱ्या आहेत. सगळ्यात खालच्या पायरीच्या डाव्या अंगाला महिपती बसतो. पुढ्यात लाकडाचा ठोकळा, उजव्या हातात हातोडी, डाव्या हातात छिन्नी. भांड्यांवर नावं घालायचं काम. लग्नाची ताटं, बारशाच्या वाट्या, देवळाच्या समया, कोणाला काही द्यायचं म्हटलं की वस्तू आधी महिपतीपुढे यायची आणि मग ज्याची त्याला जायची. बाजारात आता मशीनवर नावं घालणारे दोघेजण आले होते. त्यांचं काम भराभर होई, पण दोन पावसाळ्यांत ते नाव पुसट होऊन जाई. महिपतीचा ठिपका मात्र नातवंडांपर्यंत पोचत असे.

त्याचा नियम एकच. चिठ्ठीशिवाय नाव नाही. गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो, नाव दोनच अक्षरांचं असो, महिपती म्हणायचा, "लिहून आणा." लोकांना त्याचं कौतुक वाटे. माणूस किती चोख बघा, कानावर विश्वास ठेवत नाय, असं म्हणत.

खरी गोष्ट वेगळी होती. महिपतीला वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत वाचताच येत नव्हतं. चिठ्ठीवरची आकृती तो भांड्यावर उतरवी, जशी समोरच्या कारखान्यात गणपतीची सोंड कोणी साच्यावरून उतरवावी. एकही वेलांटी कधी चुकली नाही. चुकायला आधी कळावं लागतं, आणि त्याला कळतच नव्हतं.

ते उघडं पाडलं त्याच्या लेकीने. वैशाली तेव्हा चौथीत होती. तिने गंमत म्हणून एक वाटी आणि एक चिठ्ठी बापापुढे ठेवली. महिपतीने ठिपक्याला ठिपका लावून झकास नाव घातलं आणि वाटी तिच्या हातात दिली. वाटीवर लिहिलं होतं, "बाबा ढ आहेत." पोर आधी खूप हसली, आणि मग बापाला वाचताच येत नाही हे तिच्या ध्यानात आलं. त्या दिवसापासून रोज जेवणं झाल्यावर दोघं दार लावून बाराखडीला बसू लागली. दीड वर्षाने महिपतीने ती वाटी स्वतः वाचली. फेकली नाही. पुढे आयुष्यभर डब्यात आमटीला तीच वाटी नेऊ लागला. वैशालीने हे गुपित कोणाला सांगितलं नाही. लग्न होऊन रोह्याला गेली तरी नाही.

आता महिपती चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. वर्तमानपत्र वाची, बसच्या पाट्या वाची, औषधाच्या बाटलीवरचं बारीकसुद्धा वाची. फक्त एकच गोष्ट वाचून त्याची झोप गेली होती, आणि ती आठवण दर मंगळवारी रस्त्याच्या पलीकडे येऊन बसायची. तिचं नाव मंगळी.

मंगळीची वाडी निडी स्टेशनच्या पलीकडे, नदीच्या काठाला. आदिवासी वाडी. ती सकाळच्या गाडीने चिंच, शेवग्याचा पाला, आवळे, जे त्या दिवसांत मिळेल ते घेऊन पेणला येई आणि बरोबर महिपतीच्या समोर फडकं अंथरी. पथारी मांडून झाली की पहिली बोहनी महिपतीच्या नावाने.

"काय कारागीर, आज कोणाची वस्तू कोणाच्या नावावर चढवलीस?"

महिपती मान वर करत नसे. बाजारातल्या लोकांना ही दोघांची जुनी चेष्टा वाटे. चेष्टा नव्हती ती.

एकोणचाळीस वर्षांपूर्वी मंगळी आणि वाडीतल्या आणखी आठ बाया मिळून याच दुकानात आल्या होत्या. वाडीत लग्न निघालं की गावातल्या देवळातून स्वयंपाकाचा मोठा टोप मागून आणावा लागे, आणि तो मिळे गावातली सगळी कार्यं उरकल्यावर, शंभर सूचनांसकट. बायांनी ठरवलं, आपला टोप घेऊ. त्या पावसाळ्यात लावणीचे पैसे त्यांनी नवऱ्यांच्या हाती लागू दिले नाहीत. पितळेचा टोप घेतला, दोघींनी मिळून उचलावा एवढा. आतून कल्हई केलेला. तो घेऊन नऊजणी महिपतीपुढे बसल्या आणि म्हणाल्या, घाल नाव, वाडीच्या बायांचा टोप.

महिपती म्हणाला, लिहून आणा.

नऊजणींनी एकमेकींच्या तोंडाकडे पाहिलं. लिहिणार कोण? त्यांच्याबरोबर हैबतराव होता. गावचा जमीनवाला, याच बाया त्याच्या शेतावर लावणीला जात, आणि बाजाराचं काम होतं म्हणून त्या दिवशी त्यानेच त्यांना आपल्या टेम्पोतून आणलं होतं. हैबतरावाने खिशातून पेन काढलं. माणूस वाईट नव्हता. फक्त पेन हाती आलं की आपलंच नाव लिहायची त्याला सवय होती. चिठ्ठीवर त्याने वर एक मोठी ओळ लिहिली, खाली एक बारीक ओळ लिहिली, चिठ्ठी ठोकळ्यावर ठेवली आणि चहाला गेला.

महिपतीने जे होतं ते उतरवलं. बायांनी ठिपक्यांवरून बोटं फिरवली, खूश झाल्या, टोप घेऊन गेल्या. घालणाऱ्याला वाचता येत नव्हतं, घालून घेणारीला वाचता येत नव्हतं, आणि ज्याला येत होतं तो चहा पीत होता. झोपड्यांत एवढा टोप ठेवायला जागा नाही म्हणून तो देवळाच्या कोठीत ठेवला गेला. तीन-चार वर्षं सुखाची गेली.

मग मंगळीचा पोरगा दत्ता शाळेत जाऊ लागला, आणि एका लग्नात त्याने टोपाच्या गळ्यावरची अक्षरं लावून वाचली. हैबतराव यांजकडून सप्रेम भेट. तोवर हैबतराव वारला होता. मंगळीने देवळासमोर कल्ला केला. गावाने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, "मंगळे, माणूस खोटं बोलेल, अक्षर बोलत नाय." ती तशीच पेणला आली आणि महिपतीला तोंडावर म्हणाली की हैबतरावाकडून खाल्लंस म्हणून त्याचं नाव घातलंस.

महिपतीला तेव्हा एवढंच सांगायचं होतं की बाई, मला वाचता येत नाही. नऊ शब्दसुद्धा लागले नसते. पण पायरीवर गिऱ्हाईक उभं होतं, दुकानात शेठ होता. तो गप्प राहिला. आणि एकदा गप्प राहिलं की पुढचं गप्प राहणं सोपं जातं. पुढे वाचायला शिकल्यावर एका लग्नाच्या निमित्ताने तो त्या गावी गेला, टोप पाहिला, आपल्याच हाताचं नाव वाचलं आणि पंगतीला न बसताच परतला. तरीही बोलला नाही. नावं घालणारा माणूस अडाणी होता हे कळलं असतं तर बाजाराने हसून लोळण घेतली असती. लबाड म्हणवून घेण्यात थोडा तरी रुबाब असतो. अडाणी म्हणवून घेण्यात काहीच नसतं.

त्या मंगळवारी, होळी होऊन गेल्यावर, मंगळीने पथारी घातली ती बातमी घेऊनच. देवळाची कमिटी जुनी पितळी भांडी मोडीत घालून स्टीलची घेणार होती. हैबतरावाचा मुलगा सुजय कमिटीचा अध्यक्ष. पुढल्या मंगळवारी टेम्पो भरून याच दुकानात येणार होता, आणि त्यात टोपही होता. मंगळीची नात, दत्ताची मुलगी पूजा, तिचं लग्न वैशाखात होतं.

"नातीच्या लग्नाला टोप मागाया गेले," ती चिंचेची बोटुकं मांडता मांडता म्हणाली, "तर सांगतात, तो हैबतरावांचा, देवाला दिलेला. तू रडू नको, पातेलं भाड्यानं मिळतं. आता तुझं काम बघ कसं, कारागीर. ज्याच्यावर नाव तूच घातलंस, तो मोडतानासुद्धा तूच बघणार."

महिपतीने हातोडी मारली ती छिन्नीवर न बसता अंगठ्यावर बसली.

तेवढ्यात एक मुलगी पायरीपाशी आली. बरोबर हमालाच्या डोक्यावर स्टीलच्या चाळीस थाळ्या. तिने चिठ्ठी आधीच लिहून आणली होती, त्यामुळे महिपतीला ती लगेच आवडली. चिठ्ठीवर एवढंच होतं, "प्रार्थना मंडळी, रोहा." ती सांगू लागली की तिचं नाव समीक्षा, वडील सुशील साळवे धाटावला कंपनीत शिफ्टला जातात आणि रविवारी मंडळीची प्रार्थना चालवतात. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी त्यांच्यात सगळ्यांनी एकत्र जेवायचं असतं, त्यासाठी थाळ्या.

देणाऱ्याचं नाव? महिपतीने विचारलं. ती म्हणाली, नाही घालायचं. येशूनेच सांगून ठेवलंय, की उजव्या हाताने दान करावं ते डाव्याला कळू देऊ नये.

महिपतीने तिला आपला ताजा सुजलेला अंगठा दाखवला. "आमच्या धंद्यात पोरी, डाव्याला कळलंच पाहिजे. नाय कळलं तर असं होतं."

ती हसली आणि पायरीवर टेकली. आज निम्म्याच थाळ्या झाल्या तरी चालतील, उरलेल्या पुढल्या मंगळवारी नेईन म्हणाली. काम बघत बसली. मग विचारू लागली, छिन्नी किती तिरपी धरता, ओळ सरळ कशी राहते, जागा कमी पडली तर काय करता. असले प्रश्न गिऱ्हाईक विचारत नाही. महिपतीने विचारलं तेव्हा कळलं की ती पुण्याला शिकते, आणि शिकते काय तर दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख. येशूचे शिष्य ज्या गावांतून हिंडले त्या गावांतले दगड.

"देवाच्या पुस्तकाला दगड कशाला लागतो?" मंगळीने पलीकडून विचारलं. तिचे कान रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असत.

समीक्षाने तिलाही ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं. पुस्तकात शब्द असतात, पण तो शब्द त्या वेळी लोक कसा वापरत हे पुस्तकात लिहिलेलं नसतं. ते दगडावर सापडतं. तिची अडचण अशी होती. येशूचं शेवटचं जेवण चाललं होतं आणि शिष्यांत वाद लागला, की आपल्यात मोठा कोण. तेव्हा येशू म्हणाला, राजे लोकांवर हुकूम चालवतात आणि वर लोकांचे उपकारकर्ते म्हणवले जातात. तुमचं तसं नको. तुमच्यातला मोठा तो वाढप्यासारखा असावा. गुरुवारच्या जेवणात याच वचनावर तिला बोलायचं होतं. वडील म्हणत होते, उपकारकर्ता तर चांगला शब्द आहे, प्रभू त्याच्यावर नाराज का व्हावा?

"मग दगड काय म्हणतो?" महिपतीने विचारलं.

तिने फोनमधला एक फोटो उघडून दाखवला. तुर्कस्तानातल्या कुठल्याशा पडक्या गावातला दगड, वर न समजणारी अक्षरं. महिपतीने चष्मा पुसला आणि फोटो बोटांनी मोठा केला. लिपी परकी होती, पण काम ओळखीचं होतं. ह्या माणसाचा हात बसलेला आहे, तो म्हणाला. छिन्नी डावीकडून चालवलीय. पण ह्याला वाचता येत नसावं, कारण शब्द संपला की हात जरा थांबतो, ह्याचा कुठेच थांबलेला नाही.

समीक्षा म्हणाली, तेव्हा सगळेच शब्द जोडून लिहीत. महिपती थोडा हिरमुसला. दोन हजार वर्षांपूर्वीचा एक सोबती मिळता मिळता राहिला.

"आणि ही खालची?" त्याने विचारलं. "ही ओळ बारीक का? ही नावातली नाय. हे काहीतरी मागचं-पुढचं हाय."

समीक्षाने त्याच्याकडे चमकून पाहिलं. तेच तर, ती म्हणाली. वरच्या ओळी सांगतात, आमच्या गावावर ज्याचे उपकार त्या अमक्याला गावाने कृतज्ञतेने हा मान दिला. आणि खालची बारीक ओळ सांगते, ह्याचा खर्च त्याने स्वतःच केला. उपकारकर्ता ही पदवी असे. गावोगावी असे दगड उभे होते, शेकडो सापडलेत, आणि त्यांतल्या काहींवर अशी ओळ आहे. ऐकणाऱ्या शिष्यांनी ते दगड येता-जाता पाहिलेले असणार. म्हणजे येशू चांगुलपणावर नाराज नव्हता. दगडावर ज्याचं नाव आहे तोच देणारा असं धरून चालू नका, असं तो सांगत होता.

"आणि खरं ज्यांनी केलं त्यांची नावं?"

"ती कुठल्याच दगडावर नसतात, काका."

महिपतीने फोन परत दिला. पुढची थाळी घेतली. पण हात चालेना. कारण खालची बारीक ओळ म्हटल्यावर त्याच्या हाताला एकदम काहीतरी आठवलं. डोक्याला नव्हे, हाताला. हैबतरावाच्या चिठ्ठीवर दोन ओळी होत्या. मोठी गळ्यावर घातली होती, आणि बारीक ओळ गळ्यावर मावेना म्हणून त्याने खाली पोटावर घेतली होती. पोटाला जाळ लागतो. पहिल्याच लग्नात तिच्यावर काजळी बसली असेल आणि नंतर चाळीस वर्षं चढत गेली असेल. दत्ताने वाचला तो गळा. गावाने वाचला तो गळा. महिपतीनेही गळाच वाचला होता. खालच्या ओळीत काय होतं ते ह्या जगात कोणीच वाचलेलं नव्हतं.

त्याने त्या दिवशी अकराच थाळ्या केल्या.

आठवडाभर तो चिडचिडा होता. शेवटी त्याने वैशालीला फोन लावला आणि विचारलं, समजा एखाद्या कारागिराने जुनी चूक कबूल केली तर लोक काय म्हणतील. वैशालीने सगळं काढून घेतलं. मग म्हणाली की बाबा, लोक दोन दिवस हसतील, तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणाला तरी हसतील. आणि डब्यातली वाटी विसरू नका, पुराव्याला लागेल. महिपती तिला म्हणाला, तू लहानपणापासून आगाऊच. फोन ठेवल्यावर त्याला जरा बरं वाटलं.

मंगळवार आला. मंगळी आली, पथारी पडली, पण ती काहीच बोलली नाही. तेच जास्त लागलं. दहाच्या सुमाराला समीक्षा आली आणि उरलेल्या थाळ्यांसाठी पायरीवर बसली. मग टेम्पो आला.

सुजय पन्नाशीचा, अंगाने भारी, बोलायला गोड. त्याने समया, परात, हंडे उतरवले आणि शेवटी दोघांना धरून टोप उतरवला. तो पायरीपाशी ठेवला तेव्हा रस्त्यापलीकडची मंगळी उठून उभी राहिली. सुजयने नवी स्टीलची पाच पातेली निवडली आणि महिपतीच्या हातात चिठ्ठी दिली. महिपतीने वाचली. कै. हैबतराव यांच्या स्मरणार्थ.

"ह्याला जरा वेळ लागंल," महिपती म्हणाला. "आधी मला हा टोप घासून पाहिजे."

काळुरामशेठ गल्ल्यावरून म्हणाला, अरे मोडीचं भांडं घासतोस कशाला, वजन कमी होईल.

महिपतीने ऐकलं नाही. त्याने रस्त्यापलीकडे हाक मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "मंगळीबाय, चिंच हाय ना? मूठभर आण. आणि हात लाव."

"मी का लावू? टोप हैबतरावांचा."

"लाव गो. मग बोल."

ती आली. दुकानातून मीठ आलं. महिपतीने जागा दाखवली, गळ्याखाली चार बोटं, उजव्या कडीच्या अलीकडे. मंगळीने पदर खोचला आणि चिंचेचा कोळ लावून घासायला लागली. काळं पाणी पायरीवरून वाहिलं. सुजयने घड्याळ पाहिलं. चहावाला थांबला, समोरच्या कारखान्यातून हाताला पांढरा रंग लागलेले दोघं बाहेर आले. काजळी सुटता सुटेना. मग एक ठिपका चमकला, मग चार, मग ओळच्या ओळ पिवळी झाली.

"वाच पोरी," महिपती समीक्षाला म्हणाला. त्याला येत होतं, पण तो बाजूला सरकला.

समीक्षा गुडघ्यावर बसली आणि एकेक शब्द सावकाश वाचला. "नावाची मजुरी तेवढी मी देईन. टोपाचे पैसे बायांनी दिले आहेत."

मग काळुरामशेठचं पोट हसण्याने हलायला लागलं. "हे आमच्या बापाला सांगायचं होतं रे महिपती, हिशेबासाठी. तू टोपाला सांगून ठेवलंस."

सुजयचा चेहरा उतरला होता. तो म्हणाला, आवाज न चढवता, की असलं वाक्य कोण भांड्यावर घालतं? हे मागून कोणीतरी केलेलं दिसतंय. ज्याला चार अक्षरं कळतात तो चिठ्ठीतलं नाव घेईल आणि निरोप सोडून देईल.

"बरोबर हाय," महिपती म्हणाला. "ज्याला कळतात तो सोडंल."

आता मागे फिरता येत नव्हतं. पायरीवर आठ-दहा माणसं होती. त्याने चष्मा काढला, म्हणजे ती नीट दिसू नयेत.

"मला तवा वाचता येत नव्हतं. चिठ्ठीत जे असंल ते मी उतरवायचो. नाव काय आणि निरोप काय, मला सारखंच. मंगळी म्हणते मी खाल्लं. खाल्लं नाय. मला कळलंच नाय, आणि ते सांगायची लाज वाटली. एकोणचाळीस वर्षं वाटली."

काळुरामशेठ हसायचा थांबला. म्हणाला, काहीतरीच काय, तू पन्नास वर्षं आमच्या दारात नावं घालतोयस. तेव्हा महिपतीने डबा उघडला, आमटीची वाटी काढली, पुसली आणि समीक्षाच्या हातात दिली. तिने तीही वाचली. बाबा ढ आहेत. ह्या वेळी मात्र अख्खी पायरी हसली, रंगवाले हसले, चहावाल्याची किटली हिंदकळली, आणि महिपतीला नवल वाटलं की हे इतकंच होतं.

सुजय मात्र टोपाजवळ वाकून बसला होता. ओळीतला 'म' त्याने बोटाने गिरवला. खालचा फाटा लांब ओढलेला. "आबांचंच अक्षर," तो म्हणाला. मग उठला, टेम्पोवाल्याला हाक मारली आणि सांगितलं, टोप मोडीतून काढ, परत जाताना वाडीवर उतरव. नव्या पातेल्यांचं काय, असं काळुरामशेठने विचारलं तेव्हा तो जरा ताठून म्हणाला, "त्यांच्यावर चिठ्ठीतलंच घाला. त्याचे पैसे मी दिलेत."

समीक्षाने तोंड वळवून हसू लपवलं. मग ती महिपतीच्या जवळ सरकली आणि हळूच विचारलं, गुरुवारी जेवणात मी ह्या टोपाचं सांगू का? तुर्कस्तानच्या दगडापेक्षा हे लोकांना लवकर कळेल.

"सांग की," महिपती म्हणाला. "कारागीर अडाणी होता तेपण सांग. नायतर दगडावानी अर्धीच गोष्ट राहील."

मंगळी इतका वेळ काजळीने काळे झालेले हात झटकत उभी होती. आभार मानणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती महिपतीकडे खालपासून वरपर्यंत बघत म्हणाली, "मी आपली इतकी वर्षं लबाडाशी भांडते हाय असं समजत होते. आणि निघालास आमच्यासारखाच. आधी सांगायचं नाय? अडाण्याशी कोण भांडतं?"

"आता टोपाचं सांग," महिपती म्हणाला. "गळ्याची पलीकडची बाजू मोकळी हाय. काय घालू?"

"मी चिठ्ठी कुठनं आणू? दत्ता कामावर गेलाय."

"चिठ्ठी नको. तोंडानं सांग."

काळुरामशेठने गल्ल्यावरून मान बाहेर काढली. पन्नास वर्षांत हे त्याने ऐकलं नव्हतं. महिपतीने टोप मांडीशी घेतला, समीक्षाने दुसऱ्या बाजूने धरला. मंगळी समोर उकिडवी बसली आणि आठवून आठवून सांगू लागली. बुधी. ती गेली. ठमी. तीपण गेली. चांगुणा, तिला आता दिसत नाय. मैना. सोमी. प्रत्येक नावाबरोबर ती त्या बाईचं काहीतरी सांगे, कोण किती हसायची, कोणाचा नवरा लावणीच्या पैशांसाठी किती दिवस उपाशी असल्यासारखं तोंड करून बसला होता. महिपती ऐके, ओठांनी एकदा म्हणून बघे आणि ठोके घाली. ऐकलेलं नाव अक्षर होऊन हातातून उतरताना त्याला छिन्नी नव्याने धरल्यासारखी वाटत होती. दोनदा तो अडखळला. कोणी हसलं नाही.

आठ नावं झाली आणि मंगळी उठायला लागली. दुपारची गाडी चुकेल म्हणाली. टोप टेम्पोने जाईल, मी गाडीने बरी.

"नववं राहिलं."

"राहू दे. मी हाय ना सांगायला."

"बस खाली," महिपती म्हणाला.

ती कुरकुरत बसली. गाडीचं, ऊन चढल्याचं, विकायच्या राहिलेल्या चिंचेचं पुटपुटत राहिली. महिपतीने शेवटची तीन अक्षरं घातली, बाकीच्यांपेक्षा मोठी नाहीत आणि बारीकही नाहीत. फुंकर मारून कीस उडवला. मंगळीने मान पुढे केली. नऊ नावांच्या त्या रांगेवरून तिचं काळं बोट पहिल्या नावापासून निघालं, शेवटापर्यंत गेलं आणि परत फिरून मध्येच थांबलं.

"ह्यातलं माझं कुठलं?"

महिपतीने छिन्नीचं टोक टेकवून दाखवलं. "हे बघ. इथून म सुरू होतो."